नवीन बोट इंजिन, कार्बचे दोन स्क्रू आणि सोलापूरची हवा

रिमोटवर चालणाऱ्या पेट्रोल बोटीचं नवं इंजिन आलं की पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, कार्बवरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरवरचा, एच स्क्रू किती फेऱ्या उघडा ठेवू आणि एल किती. आणि उत्तर पण लगेच मिळतं, कुणी म्हणतं सव्वा, कुणी म्हणतं दीड, कुणी स्वतःच्या कार्बचा फोटोच पाठवून देतं. आकडे चुकीचे नसतात, पण ते फक्त सुरुवात कुठनं करायची एवढंच सांगतात. त्याच्यापुढं तुमचं पेट्रोल कसलं, त्यात ऑईल किती, हवा किती तापलेली, प्रोपेलर कुठला लावलाय आणि इंजिन किती नवं आहे यावर सगळं ठरतंय, आणि फोटो पाठवणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून इथं फेऱ्यांचा तक्ता देत बसत नाही, स्क्रू फिरवल्यावर आत काय होतंय ते सांगतो, मग आकडा तुमचा तुम्हालाच सापडतो.

आधी कुठल्या इंजिनाबद्दल बोलतोय ते सांगतो. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनवर चालणारी छोटी नायट्रो इंजिनं पण बोटीत असतात, पण त्याचं फ्युएल सोलापुरात बसून मिळवत राहायचं म्हणजे छंदापेक्षा पार्सलची वाट बघणंच जास्त होतं, आणि त्याची ट्युनिंगची गोष्टच वेगळी आहे. मी बोलतोय ते २६ सीसीच्या आसपासच्या टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाबद्दल, झेनोआ किंवा त्याच घाटणीचं कुठलंही, वर गार करायला पाण्याचं जॅकेट, ओढायची दोरी, आणि बाजूला वॉलब्रोचा डायफ्रामवाला कार्बोरेटर. असल्या इंजिनाचा मूळ वंश गवत कापायच्या मशीनचा आणि चेन-सॉचा, त्यामुळं शेतीची मशीनं रिपेअर करणाऱ्या मिस्त्रीला हा कार्ब दाखवला तर तो ओळखतो, फक्त बोटीत बघून जरा हसतो.

लुना किंवा जुन्या स्कूटरचा कार्ब ज्यांनी खोललाय त्यांच्या डोक्यात फ्लोट आणि वाटी असते. वाटीत पेट्रोल साठतं, फ्लोट वर आला की बंद, खाली गेला की चालू. हे बोटीत चालत नाही, कारण बोट लाटेवर उडते, आपटते, वळताना आडवी होते, कधी कधी चक्क उलटी होते आणि वाटीतलं पेट्रोल कुठंही जातं. म्हणून इथं फ्लोटच्या जागी रबरासारखे दोन पातळ पडदे असतात. पिस्टन खालीवर होताना खालच्या क्रँककेसमधला (पिस्टनच्या खालच्या बंद पेटीतला) दाब पण कमीजास्त होतो, तो धक्का एका बारीक भोकातनं कार्बपर्यंत येतो आणि पहिला पडदा त्याच्यावर फडफडून टाकीतलं पेट्रोल ओढतो, म्हणजे हा पंप झाला. दुसऱ्या पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला पेट्रोल. इंजिननं पेट्रोल ओढलं की पडदा आत खेचला जातो, एक छोटीशी लिव्हर दाबतो, झडप उघडते, तेवढंच पेट्रोल आत येतं. वरच्या झाकणावर जे बारीक भोक दिसतं ते याच पडद्याला बाहेरची हवा मिळायला असतं, तिथं ग्रीस किंवा चिखल बसला तर स्क्रू कितीही फिरवा, इंजिन कधी एकसारखं चालणार नाही.

आता ते दोन स्क्रू. बहुतेक कार्बवर एच आणि एल अशी अक्षरं कोरलेली असतात, पुसट झाली असली तर इंजिनाच्या जवळचा तो एल आणि हवा आत येते त्या तोंडाकडचा तो एच. एल म्हणजे कमी रेसमधलं आणि रेस एकदम उघडतानाचं पेट्रोल, एच म्हणजे फुल रेसमधलं. पण एलचं पेट्रोल फुल रेसला बंद होत नाही, तिथनं थोडं येतच राहतं, त्यामुळं एल हलवला की एचचं गणित पण जरा हलतं. म्हणून आधी एल, मग एच, मग परत एकदा एलकडं नजर, हा क्रम. तिसरा जो स्क्रू बटरफ्लायला टेकलेला असतो तो नुसता आयडलचा, म्हणजे रेस न देता इंजिन किती जोरात चालत राहतं त्याचा, त्याचा मिक्श्चरशी म्हणजे पेट्रोल-हवेच्या मिश्रणाशी संबंध नाही, आणि लोक सगळ्यात जास्त त्यालाच फिरवतात.

घड्याळाच्या दिशेनं फिरवला की स्क्रू आत जातो, पेट्रोल कमी, म्हणजे लीन. उलटा फिरवला की रिच. फेऱ्या मोजायला स्क्रू हळू आत नेऊन टेकला की थांबायचं, आवळायचं नाही. स्क्रूचं निडलसारखं टोक बारीक असतं आणि खालची सीट मऊ धातूची, एकदा जोरात दाबलं की टोकावर कायमची खाच बसते आणि मग अष्टमांश फेरी फिरवून काय फरक पडला ते कळायचंच बंद होतं.

रिच आणि लीन हे शब्द सगळे वापरतात, पण टू-स्ट्रोकमध्ये लीन इतकं वाईट का ते नीट समजून घ्या. तुमच्या फोर-स्ट्रोक बाईकमध्ये खाली ऑईल वेगळं असतं, मिक्श्चर जरा लीन झालं तर इंजिन तापतं, पण ऑईल आहे तिथंच असतं. इथं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं आहे. पेट्रोल कमी झालं की ऑईल पण कमी झालं, शिवाय पेट्रोल उडून जाताना खालची बेअरिंग आणि पिस्टन जे थंड करतं ते पण कमी झालं, आणि नेमकं त्याच वेळी वर उष्णता वाढलेली असते. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला जातात. बोटीत अजून एक भर म्हणजे रस्त्यावर गाडी उतारावर, सिग्नलला, गिअर बदलताना श्वास घेते, बोट मात्र सरळ पट्ट्यात सलग फुल रेसवर लोड ओढत असते, मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांच्याही वर. त्यामुळं स्कूटरवर महिनाभर खपून जाईल असं लीन मिक्श्चर बोटीत तळ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत पिस्टन चिकटवू शकतं.

इथंच एक गोंधळ कायम होतो. ऑईल जास्त टाकलं म्हणजे मिक्श्चर रिच झालं असं लई जण समजतात. उलट आहे. रिच-लीन हे पेट्रोल आणि हवेचं नातं आहे. एका लिटरमध्ये ऑईल वाढवलं की तेवढ्या जागेतलं पेट्रोल कमी होतं आणि ऑईल घट्ट असल्यामुळं त्याच भोकातनं ते जरा सावकाश येतं, म्हणजे स्क्रूला हात न लावता मिक्श्चर थोडं लीनकडं सरकतं. म्हणून ऑईलचं प्रमाण एकदा ठरवायचं आणि ट्युनिंग होईपर्यंत बदलायचं नाही. बोटवाले साधारण २५:१ नं सुरू करतात, म्हणजे एका लिटर पेट्रोलला ४० मिली ऑईल, ५०:१ म्हणजे २० मिली. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात जे लिहिलंय ते खरं, पण अंदाजानं ओतू नका, मेडिकलमधनं मोठी सिरिंज आणा आणि मोजून टाका. ऑईल चांगलं घ्या, डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑईलचा दर्जा) लिहिलेलं असेल तर उत्तम, तळाशी उरलेलं जुनं सुट्टं टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑईल, तर अजिबात नको.

आता ब्रेक-इन म्हणजे नेमकं काय. आपल्याकडं याला रनिंग-इन म्हणतेत आणि डोक्यात एकच बसलेलं असतं, नवी गाडी हळू चालवायची. अर्धंच खरं आहे. सिलिंडरची आतली भिंत डोळ्याला गुळगुळीत दिसली तरी तिच्यावर बारीक चरे असतात, पिस्टन रिंगच्या कडेवर पण असतात. नव्या जात्याला टाकी लावल्यावर पहिलं दळण कचकचीत निघतं आणि मग दोन्ही पाळ्या एकमेकांना बसतात, तसं हे रिंगचं आणि भिंतीचं बसणं. ते बसलं की दाब बाहेर सुटत नाही, ताकद येते, आयडल एकसारखी होते.

पण रिंग भिंतीवर दाबते कोण? रिंगची स्वतःची स्प्रिंग थोडीशीच असते. खरा दाब येतो तो पेट्रोल पेटल्यावर वर जो गॅस तयार होतो त्याचा, तो रिंगच्या मागच्या खाचेत शिरतो आणि रिंग बाहेर ढकलतो. म्हणजे लोड नसेल, नुसती आयडल असेल, तर हा दाब कमी आणि रिंग बसतच नाही. बादलीच्या पाण्यावर स्टँडवर तासभर आयडलला ठेवून ब्रेक-इन झालं म्हणणारे जे असतात त्यांचं इंजिन फक्त काळं झालेलं असतं, बसलेलं नसतं. दुसरीकडं पहिल्याच टाकीला फुल रेस सलग दाबून ठेवली तर उंच चरे घासताना जी उष्णता तयार होते ती बाहेर जायला वेळच मिळत नाही. म्हणून लोड द्यायचा, पण तुकड्या-तुकड्यात. थोडी रेस, मग सोड. जरा जास्त, मग सोड. सोडल्यावर इंजिन थंड होतं.

आणि हे चालू असताना मिक्श्चर थोडं रिच ठेवायचं कारण हेच, जास्तीचं पेट्रोल म्हणजे जास्तीचा थंडावा आणि जास्तीचं ऑईल. थोडं म्हणजे थोडंच बरं का. काही जण इतकं रिच ठेवतेत की बोट पाण्यावर उठतच नाही, नुसती नाक वर करून धूर काढत बसते, प्लग ओला, रिंगच्या खाचेत कार्बन. त्यात पण रिंग बसत नाही. लीनमध्ये इंजिन मरतं आणि फार रिचमध्ये ते कधी तयारच होत नाही, माझं मत विचाराल तर दुसरं परवडलं कारण त्यात खर्च फक्त पेट्रोलचा आहे.

पेट्रोलवरनं आठवलं, ही आपल्याकडची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि परदेशातल्या व्हिडिओत ती तुम्हाला ऐकायला मिळणार नाही. आता पंपावर जे साधं पेट्रोल मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला नावं ठेवायची तर जरा जपूनच, ऊसवाले पाहुणे घरोघरी आहेत, पण कार्बच्या बाबतीत गणित साफ आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ पटच, कारण त्याच्यात ऑक्सिजन आधीच असतो. दोन्ही मिसळून ई-२० चा आकडा येतो साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला ८-९ टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागतं. शुद्ध पेट्रोलवर बरोबर असलेला एचचा आकडा तुम्ही इथल्या पेट्रोलवर तसाच लावला तर पहिल्या दोरीलाच इंजिन लीन चालतंय, आणि ते पण ब्रेक-इनमध्ये. बऱ्याच छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या पुस्तकात तर १० टक्क्यांच्या वर इथेनॉल वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, ते पान एकदा काढून वाचा.

तुमच्या पंपाच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल खरंच किती ते घरी बघता येतं. खुणा असलेल्या उभ्या काचेच्या नळीत ८० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी घ्या, झाकण लावून हलवा, थोडा वेळ ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं, त्यामुळं खालचा पाण्याचा थर वाढतो. तो २० वरनं ३६ च्या आसपास गेला तर ८० मिलीत १६ मिली इथेनॉल, म्हणजे २० टक्के. हे उघड्यावर करायचं, गॅसच्या शेगडीपासून लांब, आणि ते पेट्रोल परत बोटीत टाकायचं नाही. काही जण अशाच पद्धतीनं इथेनॉल धुवून काढतात आणि ते पेट्रोल वापरतात, मला ते पटत नाही, कारण इथेनॉलबरोबर ऑक्टेन (पेट्रोलची अवेळी न पेटण्याची ताकद) पण खाली जातं आणि मागं पाण्याचा थेंब राहिला तर तो बरोबर कार्बमध्येच जाऊन बसतो.

मग सुरुवात कशी. पुस्तकातला आकडा घ्या, साधारण एक ते दीड फेऱ्यांच्या आसपास असतो, त्याच्यात ई-२० साठी एच पाव फेरी अजून उघडा. इंजिन स्टँडवर सुरू करताना पाणी चालू पाहिजे. बोट पाण्यात असते तेव्हा मागच्या रडरजवळच्या (सुकाणूजवळच्या) तोंडातनं पाणी स्वतःच्या वेगानं आत जातं, स्टँडवर ते जात नाही, कोरडं इंजिन अर्ध्या मिनिटाच्या वर चालवू नका. कूलरचा छोटा पंप बादलीत टाकून पाईप लावला की तेच पाणी फिरत राहतं, आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही तर उगाच वाया कशाला. बोअरचं पाणी असेल तर नंतर जॅकेटमधनं फुंकून सगळं काढा, जड पाणी आत वाळलं की पांढरा थर धरतं. आणि या इंजिनांना बहुतेक वेळा क्लच नसतो, म्हणजे इंजिन चालू म्हणजे पंखा, म्हणजेच प्रोपेलर, फिरतोय. मागं कुणी उभं राहायचं नाही, बारकी पोरं तर अंगणातच नकोत.

स्टँडवर फक्त दोन गोष्टी बघायच्या, सुरू होतंय का आणि आयडलला टिकतंय का. एच स्क्रू स्टँडवर सेट करायचा नाही, म्हणजे नाहीच. पंखा हवेत फिरतो तेव्हा लोड शून्य, इंजिन क्षणात आवाक्याबाहेर रेस होतं, कनेक्टिंग रॉडची वाट लागते, आणि त्या आवाजावर जो एच तुम्ही लावाल तो पाण्यात गेल्यावर चुकीचाच निघणार. गॅरेजमध्ये गाडी स्टँडवर लावून मिक्श्चर लावायची सवय असलेले मिस्त्री मामा इथंच चुकतात, त्यांच्या कानाचा दोष नाही, लोडच नाही तर कान तरी काय करणार.

पाणी कुठलं? शेततळं सगळ्यांना पहिलं सुचतं, आणि सांगोल्याकडं तर डाळिंबाच्या बागेला शेततळं असतंच, पण तीस मीटरच्या तळ्यात ताशी ५० किमीची बोट दोन सेकंदात समोरच्या काठावर असते, शिवाय प्लॅस्टिकचा कागद पंख्यानं फाटला तर मालक आयुष्यभर लक्षात ठेवतो. आयडल आणि गळती बघायला ठीक, ट्युनिंगला नाही. सिद्धेश्वर तलावाचं नावच काढू नका, मंदिर आहे, माणसं शांत बसायला येतात. संभाजी तलावात जलपर्णी झालेली असली तर ती पंख्यात अडकते आणि पाणी ओढायचं तोंड बंद करते. मोठं पाणी म्हणजे हिप्परगा तलाव, पण तिथं परवानगी विचारूनच, मासेमारीची जाळी कुठं आहेत ते कोळी बांधवांना विचारूनच, आणि हिवाळ्यात पक्षी येतात तेव्हा त्या बाजूला अजिबात नाही. या बोटीचा आवाज छोटा नसतो.

पहिली टाकी पाण्यात. आधी बाजूच्या भोकातनं पाण्याची धार पडते का बघा, धार नाही तर लगेच परत. मग अर्ध्या रेसच्या आसपास, वर-खाली, मोठे गोल. सरळ पट्टा आला की दोन-तीन सेकंद जास्त रेस देऊन बोट पाण्यावर उठू द्या आणि सोडा. जमलं तर सुरुवातीला जरा छोटा प्रोपेलर लावा, इंजिनाला ओझं कमी. टाकी संपली की पूर्ण गार होऊ द्या. पुढच्या टाक्यांना हे फुल रेसचे तुकडे हळूहळू लांबवत न्यायचे.

आता कान. टू-स्ट्रोक रिच असलं की प्रत्येक फेरीला पेटत नाही, एक फेरी सोडून पेटतं, कारण मागचा धूर आणि जास्तीचं ओलं पेट्रोल मिळून एखादी ठिणगी वाया जाते. त्याचा आवाज भर्रर्र-भर्रर्र असा तुटक, जाड येतो, याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात. स्क्रू थोडा आत घेतला की एका ठिकाणी तो आवाज साफ होऊन सलग, ताणलेला होतो, तिथं ताकद पूर्ण. अजून आत घेतला तर आवाज अजून बारीक आणि गोड लागतो, आणि हीच फसवी जागा आहे, कारण लीनच्या कडेवर इंजिन काही सेकंद सगळ्यात भारी पळतं. सरळ पट्ट्याच्या सुरुवातीला जोरात आणि शेवटाकडं रेस आपोआप खाली बसायला लागली की समजा तापलं, लगेच रेस सोडा, बोट आणा, एच अष्टमांश ते पाव फेरी उघडा.

ब्रेक-इनमध्ये एच असा हवा की फुल रेसला मधनंमधनं भर्रर्र ऐकू येतंय पण बोट पाण्यावर उठतेय. पूर्ण साफ आवाज अजून शोधायचाच नाही. पुढं तीन-चार टाक्या झाल्या, इंजिन मोकळं वाटायला लागलं, की मग अष्टमांश फेरीनं आत घेत जायचं, प्रत्येक वेळी बोट काठाला आणून, एका वेळी एकच स्क्रू, आणि आवाज जिथं साफ होतो तिथनं अष्टमांश परत बाहेर. तो परतीचा अष्टमांश सोडू नका. लाटेवर पंखा पाण्याबाहेर येतो तेव्हा रेस एकदम भडकते, तेवढ्यासाठीची ती शिल्लक आहे. आणि रिंग बसत जाते तशी घसण कमी होते, दाब वाढतो, त्यामुळं पहिल्या टाकीचं सेटिंग पाचव्या टाकीला बदललेलं वाटलं तर कार्ब बिघडला म्हणून घाबरायचं कारण नाही.

एलचं लक्षण वेगळं. आयडलवरनं एकदम रेस दिली आणि इंजिन भक् करून बंद पडलं तर बहुतेक एल लीन. रेस दिल्यावर गुरगुरत, धूर काढत, सावकाश उठलं तर एल रिच. लांब पळवून आणल्यावर रेस सोडली आणि इंजिन लगेच खाली न बसता वरच्यावर ताणत राहिलं तर लीनची शंका घ्या, पण स्क्रू फिरवायच्या आधी कार्बचे दोन बोल्ट आणि कार्ब-इंजिनाच्या मधला काळा ब्लॉक हलवून बघा. इंजिन नवं असताना गॅस्केट दबतात, बोल्ट सैल होतात, तिथनं हवा आत जाते आणि तुम्ही एल उघडत बसता, आज बरोबर वाटतं, उद्या परत तेच. टाकीतला पेट्रोल ओढायचा, टोकाला वजन असलेला पाईप कडक होऊन वर अडकलेला असणं, पाईपला बारीक चीर, फिल्टर तुंबलेला, रडरच्या तोंडात शेवाळ, ही सगळी मंडळी लीनचा वेश घालून येतात. इंजिन काल चांगलं होतं आणि आज अचानक लीन झालं तर स्क्रूला हात लावायचा नाही, तो रात्रीतनं स्वतः फिरत नसतो.

प्लग बघायचा असेल तर फुल रेसवरच किल स्विचनं बंद करावं लागतं, आयडलवर आणून बंद केलं की प्लग आयडलचा रंग दाखवतो. म्हणजे बोट तळ्याच्या मधोमध उभी, तेवढी सोय आधी करा, दुसरी छोटी बोट नाहीतर ट्रकची ट्यूब आणि पोहता येणारा माणूस. पांढरा प्लग लीन, काळा ओला रिच, तपकिरी बरा. पण नव्या प्लगला रंग धरायला वेळ लागतो आणि इथेनॉलमुळं रंग आधीच फिका येतो, म्हणून ई-२० वर फिका तपकिरी दिसला की लगेच घाबरू नका आणि त्याच्यापलीकडं पांढरा करायला पण जाऊ नका.

राहिलं हवामान. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, त्यामुळं मुंबईच्या मानानं हवा मुळातच थोडी विरळ. त्यात डिसेंबरच्या सकाळी १५ अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४२, या दोन टोकात हवेची घनता साडेआठ टक्क्यांनी कमी होते. हवा विरळ झाली की कार्बमधली ओढ पण कमी होते, त्यामुळं मिक्श्चर पूर्ण साडेआठ टक्के नाही, साधारण चार टक्के रिच होतं. म्हणजे थंडीत लावलेली बोट मेमध्ये जरा जड वाटेल, नुकसान नाही. उलटं धोक्याचं, मेमध्ये दुपारी साफ आवाजावर आणलेली बोट जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात सकाळी सकाळी तशीच पाण्यात सोडली तर ती लीन आहे, आधी एच अष्टमांश उघडा आणि मग हळूहळू आत घेत या. मेमध्ये अजून एक, झाकणाखाली पेट्रोल तापून पाईपमध्ये वाफ धरते, इंजिन गचके देतं, ते पण लीनसारखंच वाटतं. टाकी आणि कॅन सावलीत ठेवा, पळवायचं असेल तर सकाळी सातला.

दिवस संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आयडलला ठेवून कार्बमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू द्या, पाण्याचा पाईप लावूनच. ई-२० हवेतलं पाणी ओढतं, पडदे त्यात भिजून फुगतात आणि वाळले की कडक होतात. उरलेलं मिसळलेलं पेट्रोल आठवड्याच्या वर ठेवू नका. लुनावाला शेजारी असेल तर त्याला द्या, ऑईल जरा जास्त आहे एवढं सांगून.